शब्दकोडे, शब्दकोश आणि वाचनालय

शताब्दीच्या स्मरणग्रंथात शब्दकोड्यावर लेख पाहून काही सभासदांना नवल वाटेल, तर काहींना तो पोरखेळ वाटेल. संस्थापकांची चरित्रे, देणगीदारांचे ऋण, दुर्मीळ ग्रंथांची संपदा हे विषय अशा ग्रंथाला शोभतात. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील काळ्या-पांढऱ्या चौकटींना येथे काय स्थान? परंतु आपल्या वाचनालयाच्या संदर्भ विभागातील मेजाशी ज्यांनी काही सकाळी घालवल्या आहेत, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. कोशांच्या कपाटाची किल्ली रोज मागणाऱ्यांत संशोधक थोडे असतात. घडी घातलेले वर्तमानपत्र हाती घेऊन ‘अहो, जरा तो कोश देता का?’ असे विचारणारे अधिक. ही मदत मागणे योग्य की अयोग्य, आणि वाचनालयाने ती द्यावी की नाही, या वादाला जवळजवळ शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो इतिहास येथे थोडक्यात मांडावयाचा आहे.

आज आपण ज्याला शब्दकोडे म्हणतो त्याचा जन्म २१ डिसेंबर १९१३ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या रविवारच्या ‘फन’ नामक पुरवणीसाठी आर्थर विन या मूळच्या लिव्हरपूलच्या पत्रकाराने हिऱ्याच्या आकाराची एक आकृती रचली आणि तिला ‘वर्ड-क्रॉस’ असे नाव दिले. थोड्याच आठवड्यांत छपाईत त्या नावातील दोन शब्दांची अदलाबदल होऊन ‘क्रॉस-वर्ड’ झाले व तेच रूढ झाले. पुढील दहा वर्षे हे कोडे बहुतांशी त्या एका वृत्तपत्रापुरते राहिले. १९२४ साली सायमन आणि शुस्टर या दोन तरुण प्रकाशकांनी कोड्यांचा पहिला संग्रह काढला. असल्या पुस्तकाने आपली अब्रू जाईल या भीतीने त्यांनी त्यावर स्वतःचे नाव न घालता दुसऱ्याच प्रकाशनसंस्थेचे नाव छापले, आणि प्रत्येक प्रतीला एक शिसपेन्सिल जोडून दिली. अब्रू गेली नाही. वर्षअखेरीपर्यंत अशा संग्रहांच्या लाखो प्रती खपल्या.

पेन्सिल प्रकाशकांनी दिली, परंतु शब्द कोण देणार? तो भार येऊन पडला सार्वजनिक ग्रंथालयांवर. कोडी सोडवणाऱ्यांच्या झुंडी शब्दकोश आणि ज्ञानकोश यांच्याभोवती जमू लागल्या. नित्याच्या कामासाठी कोश लागणारे विद्यार्थी व अभ्यासक यांना जागा मिळेना, अशी तक्रार खुद्द न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाने केली, आणि आपल्या ‘खऱ्या’ वाचकांचे संरक्षण करणे हे ग्रंथालयाचे कर्तव्यच आहे असे बजावले. लंडनच्या डलिच भागातील ग्रंथालयात तर एकच माणूस वर्तमानपत्र अडवून बसू नये म्हणून कर्मचारी कोड्यातील पांढरी घरे काळी करून टाकू लागले. याउलट अमेरिकेतील बाल्टिमोर अँड ओहायो या रेल्वेने आपल्या मुख्य मार्गांवरील गाड्यांत प्रवाशांसाठी शब्दकोश ठेवले. गिऱ्हाइकाला काय हवे हे रेल्वेला कळले. वाचकाला काय हवे हे ग्रंथालयाला कळावयास थोडा वेळ लागला, असे म्हटले तर ते फार अन्यायाचे होणार नाही.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९२४ साली या खेळाची संभावना कालापव्यय आणि एक प्रकारचे वेड अशी केली होती. त्याच पत्राने १५ फेब्रुवारी १९४२ रोजी आपले पहिले शब्दकोडे छापले. त्याच्या संपादिका मार्गारेट फरार या १९२४ च्या त्या पहिल्या संग्रहाच्या तीन संपादकांपैकी एक होत्या. अमेरिका तेव्हा नुकतीच महायुद्धात उतरली होती, आणि बातम्यांनी काळवंडलेल्या मनाला घटकाभर विसाव्याची गरज आहे हे संपादकांना पटले होते. त्याच सुमारास, जानेवारी १९४२ मध्ये, लंडनच्या ‘डेली टेलिग्राफ’ने बारा मिनिटांत कोडे सोडवण्याची स्पर्धा घेतली, आणि तीत भाग घेणाऱ्यांपैकी काहींना पुढे शत्रूचे सांकेतिक संदेश उलगडण्याच्या गुप्त कामासाठी बोलावणे गेले. ज्या उद्योगाला पंधरा-वीस वर्षांपूर्वी रिकामटेकडेपणा म्हटले गेले, त्याची किंमत युद्धाने अशी वाढवली.

मदतीच्या प्रश्नाला सर्वांत सरळ उत्तर दिले ते इंग्लंडमधील कठीण कोड्यांच्या रचनाकारांनी. ‘ऑब्झर्व्हर’ या साप्ताहिकात १९२६ पासून ‘टॉर्केमाडा’ आणि १९३९ पासून ‘झिमेनीज’ या टोपणनावांनी अतिशय अवघड कोडी येत. ही दोन्ही नावे स्पेनमधील धर्मन्यायासनाच्या अधिकाऱ्यांची, म्हणजे सोडवणाऱ्याचा छळ होणार याची आगाऊ सूचनाच! परंतु या छळाला एक नियम होता. झिमेनीजच्या परंपरेतील कोड्यांसाठी चेंबर्सचा शब्दकोश हा प्रमाण मानला जाई, आणि तो उघडून बसण्यास मज्जाव तर नव्हताच, उलट तशी शिफारस होती. रचनाकाराने कितीही आडवाटेचा शब्द घ्यावा, पण तो सर्वांना उपलब्ध असलेल्या ग्रंथात सापडला पाहिजे. सूत्र कितीही फसवे असावे, पण उत्तर सापडल्यावर ते निःसंशय बरोबर आहे असे वाटले पाहिजे. हा करार ज्या कोड्यात पाळला जातो, तेथे कोश पाहणे ही लबाडी नव्हे. तो डावाचाच एक भाग होय.

आणि हा करार जेथे मोडतो तेथे काय होते, याचे उदाहरण दूर विलायतेत शोधण्याचे कारण नाही.

१९४० आणि १९५० च्या दशकांत आपल्याकडे बक्षिसांच्या शब्दकोड्यांनी मोठा उच्छाद मांडला होता. प्रवेशमूल्य भरावे, उत्तरे पाठवावीत आणि हजारो रुपयांची स्वप्ने पाहावीत, असा तो प्रकार. शब्द अगदी सोपे असत. अडचण निराळीच होती. एकेका सूत्राला दोन-दोन शब्द सारखेच लागू पडत, आणि त्यांपैकी ‘बरोबर’ कोणता हे संपादकाजवळच्या मोहोरबंद पाकिटातील उत्तरावरून ठरे. मुंबई सरकारने १९४८ साली अशा स्पर्धांवर नियंत्रण व कर बसवणारा कायदा केला आणि प्रांताबाहेर छापल्या जाणाऱ्या पत्रांनाही तो लागू व्हावा म्हणून १९५२ साली त्यात दुरुस्ती केली. बंगळूर येथे छापल्या जाणाऱ्या ‘स्पोर्टिंग स्टार’ या इंग्रजी साप्ताहिकातील स्पर्धेचा मुंबई राज्यात मोठा प्रसार होता. आपले बेळगावही ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत त्याच राज्यात होते, हे आठवावे. त्या स्पर्धेच्या चालकांनी, म्हणजे चमारबागवाला यांनी, या कायद्याला आव्हान दिले.

दरम्यान संसदेने १९५५ साली बक्षीस-स्पर्धांचा कायदा केला. ज्या राज्यांच्या विधिमंडळांनी असा केंद्रीय कायदा व्हावा म्हणून ठराव केले, त्यांत मुंबईबरोबर हैदराबाद आणि मध्य भारत हीही राज्ये होती. म्हणजे हैदराबाद, इंदूर, ग्वाल्हेर येथील मराठी घरांतही ही चिंता पोचली असली पाहिजे. या कायद्याने महिन्याला एक हजार रुपयांहून अधिक बक्षिसांच्या स्पर्धांना बंदी केली, आणि त्याखालील स्पर्धांना परवाना आवश्यक करून प्रवेशपत्रांची संख्या दोन हजारांवर जाऊ नये असे बंधन घातले. ९ एप्रिल १९५७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही कायद्यांसंबंधी निर्णय दिले. त्यांचा सारांश असा की, ज्या स्पर्धेत यश मुख्यतः दैवावर अवलंबून आहे ती जुगारच होय आणि जुगाराला व्यापारस्वातंत्र्याचे संरक्षण नाही. परंतु ज्या स्पर्धेत यश बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून आहे, तिची गोष्ट वेगळी.

न्यायालयापुढे प्रश्न व्यापाराचा होता. परंतु वाचनालयाच्या मेजावरून पाहिले तर या निर्णयाचा निराळाच अर्थ लागतो. ज्या कोड्याचे उत्तर कोशात आहे, तेथे मदतीला अर्थ आहे. ज्याचे उत्तर मोहोरबंद पाकिटात आहे, तेथे मोल्सवर्थ, दाते आणि कर्वे तिघेही समोर येऊन बसले तरी उपयोग नाही.

येथे थोडे घरचे सांगितले तर वाचकांनी क्षमा करावी. माझे आजोबा दिवाणी न्यायालयात कारकून होते. तरुणपणी त्यांनीही अशा बक्षिसांच्या कोड्यांपायी बरेच पैसे घालवले. कोणत्या स्पर्धेत आणि किती, हे त्यांनी कधी सांगितले नाही. पण आजीच्या पाटल्या एकदा सोनाराकडे गेल्या त्या परत आल्या नाहीत, एवढे घरात सर्वांना ठाऊक होते. त्यानंतर ‘कोडे’ हा शब्द आजीसमोर उच्चारावयाची सोय नव्हती. सेवानिवृत्तीनंतर वर्तमानपत्रातील रोजचे, बिनबक्षिसाचे कोडे सोडवण्याचा छंद त्यांना लागला तेव्हा ते आजी देवपूजेला बसली म्हणजे ओसरीवर बसून सोडवीत, आणि शब्द अडला की चिठ्ठी लिहून मला वाचनालयात पिटाळीत.

ती चिठ्ठी मला आजही आठवते. ‘तीन घरे. दुसऱ्याच्या इशाऱ्यावर काम करणारा. मधले अक्षर स्त.’ मी ती त्या वेळच्या ग्रंथपालांपुढे ठेवली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले व म्हणाले, ‘बाळ, कोश पहिल्या अक्षरावरून उघडतो, मधल्यावरून नाही. आजोबांना म्हणावे, आपणच या. चार जण बसलेत, कुणाला तरी आठवेल.’ दुसऱ्या दिवसापासून आजोबा स्वतः येऊ लागले. उत्तर ‘हस्तक’ होते. ते कोणी सांगितले ते आता आठवत नाही. पण ‘पुस्तक’ आणि ‘मस्तक’ यांपुढे कुणाची मजल जात नव्हती आणि त्यावर हशा पिकला होता, एवढे आजोबा घरी येऊन सांगत.

ग्रंथपालांच्या त्या एका वाक्यात मराठी शब्दकोड्याचे मर्म आहे. इंग्रजीत एका घरात एक वर्ण, आणि वर्ण अवघे सव्वीस. मराठीत एका घरात एक पूर्ण अक्षर असते. काना, मात्रा, वेलांटी, उकार आणि जोडाक्षर यांसह. ‘पुस्तक’ या शब्दाला तीनच घरे लागतात: पु, स्त, क. बाराखडीचाच हिशेब केला तरी अक्षरांची संख्या चारशेच्या वर जाते, जोडाक्षरे वेगळीच. त्यामुळे रचनाकाराला आडवे व उभे शब्द एकमेकांत गुंफणे फार कठीण जाते आणि मराठी चौकटीत काळी घरे अधिक दिसतात. उलट सोडवणाऱ्याला हाती आलेले एकच अक्षर पुष्कळ काही सांगून जाते. ‘भीमाचा पुत्र, चार अक्षरी’ यात तिसरे अक्षर ‘त्क’ मिळाले, की घटोत्कच आपण होऊन समोर उभा राहतो.

यातूनच शुद्धलेखनाचा प्रश्न उभा राहतो. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली मान्य झाले आणि संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ऱ्हस्व इकारान्त व उकारान्त शब्द मराठीत दीर्घान्त लिहावयाचे ठरले. ‘कवि’चा ‘कवी’ झाला, ‘गुरु’चा ‘गुरू’ झाला. आजोबांची पिढी ‘गुरु’ लिहीत मोठी झालेली. ‘देवांचे आचार्य, दोन अक्षरी’ हे त्यांनी क्षणात भरले. आणि त्या ‘रु’वरून खाली उतरणारा ‘एक अलंकार’ काही केल्या जमेना, कारण तो ‘रूपक’ होता, दीर्घ ‘रू’चा. जुना कोश काढला तर तोही आजोबांच्याच बाजूने साक्ष देई. वर्तमानपत्र नव्या नियमांचे, कोश जुन्या नियमांचा आणि सोडवणारा दोहोंच्या मधला, अशी ही स्थिती. नियमांची पुस्तिका त्यांनी याच मेजावर प्रथम वाचली, ती या एका उकारापायी. व्याकरणाच्या व्याख्यानाला ते कधी गेले नसते.

आमच्या पूर्वसूरींनी मराठीला कोशांची केवढी संपत्ती दिली आहे, हेही अशा वेळीच उमगते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती १८५७ साली. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात विभाग १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले, आणि पुढे म्हणी व वाक्प्रचार यांचा स्वतंत्र कोशही त्यांनी केला. पुराणातील नावासाठी सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांचा प्राचीन चरित्रकोश, सणव्रतांसाठी गोव्याचे सुपुत्र महादेवशास्त्री जोशी यांचा दहा खंडांचा भारतीय संस्कृतिकोश, आणि सर्वसामान्य माहितीसाठी डॉ. केतकरांचा ज्ञानकोश. हे ग्रंथ ज्यांनी वर्षानुवर्षे खपून, अनेकदा पदरमोड करून रचले, त्यांनी ते कपाटात शोभेला ठेवण्यासाठी खचितच रचले नव्हते. कोड्याच्या निमित्ताने का होईना, रोज सकाळी कोणी त्यांची पाने उलटतो, तर त्या श्रमांचे ते एक प्रकारे सार्थकच होय.

सीमेवरच्या मराठी माणसाला या कामी आणखी एक मदतनीस आहे, जो पुण्या-मुंबईच्या वाचकाला सहसा लाभत नाही. तो म्हणजे शेजारी. ‘सुपारी कातरण्याचे साधन, चार अक्षरी’ हे सूत्र आमच्या मेजावर कन्नड जाणणाऱ्यांनी आधी सोडवावे यात नवल नाही. ‘अडकित्ता’ हा शब्द कन्नडमधून आपल्याकडे आला आहे. ‘तूप’ आणि ‘अक्का’ हेही तिकडचेच. हैदराबादेतील मराठी वाचकाला कचेरीतील जुन्या फारसी शब्दांसाठी उर्दू अशीच साहाय्य करीत असणार. भाषांचे वाद सभांमध्ये आणि न्यायालयांत चालतात. कोड्याच्या चौकटीत मात्र त्या एकमेकींच्या हाताला धरून उभ्या असतात.

आता काळ पालटला आहे. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे हे दोन्ही कोश शिकागो विद्यापीठाने महाजालावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत, आणि परदेशातील मराठी माणूसही घरबसल्या ते पाहू शकतो. ही उपकाराचीच गोष्ट आहे. ग्रंथपाल म्हणत तो कोशाचा दोषही यंत्राने दूर केला. ज्या शब्दसंग्रहाला तशी सोय जोडलेली आहे, तेथे मधले अक्षर देऊन शब्द मागता येतो, आणि मग चार जणांच्या आठवणीची गरज उरत नाही. मग वाचनालयाने आता काय करावे?

मला वाटते, १९२०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाने जो भेद केला होता, तो आपण करू नये. ‘खरा’ वाचक आणि कोडेवाला असे दोन वर्ग आपल्यासारख्या संस्थेला परवडणारे नाहीत. या शहरात पुष्कळ मराठी घरांतील मुले आज इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकतात. घरात मराठी बोलली जाते, परंतु लिहिण्याचा प्रसंग क्वचित येतो. अशा ठिकाणी रोज वीस-पंचवीस मराठी शब्द अचूक ऱ्हस्वदीर्घासह हाताने लिहिणारा माणूस, मग तो ऐंशी वर्षांचा असो की अठरा, आपल्या भाषेचे काम करीत असतो. तो मदत मागावयास येतो तेव्हा त्याला कोश हातात द्यावा. उत्तर देऊ नये, कोणत्या कोशात पाहावे ते सांगावे. यंत्र उत्तर देते आणि थांबते. कोशाचे पान मात्र हव्या असलेल्या शब्दाच्या वर-खाली आणखी वीस शब्द दाखवते, आणि त्यांतला एखादा उद्या उपयोगी पडतो.

आणि मेज तेवढे मोकळे ठेवावे. वर्तमानपत्राच्या मूळ प्रतीवर कोणी पेन चालवू नये, हा नियम रास्तच आहे. डलिचच्या कर्मचाऱ्यांची अडचण आपल्यालाही समजते. परंतु चौकटीची प्रत काढून मेजावर ठेवणे, आणि शुद्धलेखनाच्या नियमांची पुस्तिका व एक सुटसुटीत कोश कुलपाबाहेर ठेवणे, याला फारसा खर्च येत नाही. शताब्दीनिमित्त कार्यकारी मंडळाने हाती घेतलेल्या मोठ्या योजनांत ही लहानशी सूचनाही असावी, अशी विनंती आहे.

आजोबांच्या शेवटच्या वर्षांत त्यांची दृष्टी अधू झाली तेव्हा सूत्रे वाचून दाखवण्याचे काम आजीकडे आले. जिने त्या शब्दाचा उच्चारही घरात होऊ दिला नव्हता, ती सकाळी पूजा आटोपून वर्तमानपत्र उघडी आणि विचारी, ‘अहो, आडवे सात, तीन अक्षरी, काय लिहू?’ तिचे शिक्षण चौथीपर्यंतच झालेले. तिच्या हातचे ते टपोरे अक्षर, प्रत्येक घरात एकेक, असे काही कागद मी जपून ठेवले आहेत. त्यांतील ‘गुरू’ दीर्घ आहे.